समुद्रापासून शेकडो मैल आत युद्धनौका पोचल्या कशा, आणि त्या लढाया खऱ्या होत्या का

प्रश्न असा होता की पहिल्या महायुद्धात आफ्रिकेतल्या टांगानिका सरोवरावर ब्रिटिश आणि जर्मन बोटी एकमेकींवर तोफा डागत होत्या असं वाचलं, तर जिथे समुद्राकडून जायला रस्ताच नाही तिथे बोटी गेल्या कुठून, आणि हे सगळं नुसतं गमतीचं प्रकरण होतं की त्याचा युद्धावर काही परिणाम झाला. भारताचा काही संबंध आहे का हेही विचारलंय.

मी इतिहासाचा प्राध्यापक नाही. आयुष्य जहाजांच्या इंजिनरूममध्ये आणि गोदीत गेलं, बॉयलर, पत्रे, ते जोडायचे रिव्हेट, जहाज पाण्यात सोडायचा उतार म्हणजे स्लिपवे, हेच बघत आलो, त्यामुळे मी हे सगळं त्या बाजूने सांगणार. आणि खरं सांगू का, ही युद्धं कळायला तीच बाजू लागते. पुस्तकात सगळं वर्णन तोफांचं आणि कॅप्टनच्या शौर्याचं असतं पण सरोवरावरच्या लढाईचा निकाल बहुतेक वेळा जमिनीवरच लागलेला असतो, म्हणजे कोणी आधी सामान आणलं, कोणी आधी जोडलं आणि कोणी आधी पाण्यात सोडलं. समुद्रावर एक जहाज बुडालं तर दुसऱ्या बंदरातून दुसरं मागवता येतं. सरोवरात तसं नाही, तिथे जे आहे ते आहे, एक टग, म्हणजे जहाजं ओढणारी छोटी बोट, बुडाला की निम्मं आरमार गेलं.

ही आयडिया जुनी आहे. १५२१ मध्ये स्पॅनिश सेनापती कोर्तेसने मेक्सिकोत तेच केलं. अझ्टेकांची राजधानी टेनोच्टिट्लान टेश्कोको सरोवराच्या मधोमध होती, आणि त्यांच्याकडे होड्यांचा सुकाळ. तर स्पॅनिशांनी डोंगरापलीकडे ट्लाश्कालात मार्टिन लोपेस नावाच्या सुताराकडून १३ ब्रिगंटिन, म्हणजे छोट्या शिडाच्या युद्धबोटी, बनवून घेतल्या, लोखंडी सामान, शिडं, दोर हे सगळं व्हेराक्रूझला मोडीत काढलेल्या स्वतःच्याच जहाजांचं, मग त्या खोलून हजारो ट्लाश्काली हमालांच्या खांद्यावरून काठापर्यंत आणल्या, जोडल्या आणि कालवा खणून २८ एप्रिलला पाण्यात सोडल्या. ऑगस्टमध्ये शहर पडलं. खोला, वाहा, जोडा, पाण्यात सोडा. पुढची चारशे वर्षं प्रत्येक सरोवरावर हेच चाललं, फक्त लाकडाच्या जागी लोखंड आलं आणि हमालांच्या जोडीला रेल्वे आली.

अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात शँप्लेन सरोवरावर १७७६ मध्ये काय झालं बघा. ब्रिटिशांना कॅनडातून खाली उतरायचं होतं, जंगलातून रस्ते नाहीत, रस्ता म्हणजे सरोवरच. पण रिशेल्यू नदीत शांब्लीला खडकाळ प्रवाह, मोठं जहाज वर चढत नाही. मग त्यांनी इन्फ्लेक्सिबल नावाचं १८ तोफांचं जहाज खोलून वर नेलं आणि सेंट जॉन्सला २८ दिवसांत परत उभं केलं. २८ दिवस! गोदीत काम केलेल्या माणसाला हा आकडा वाचून घाम फुटतो. पलीकडे अमेरिकनांचा बेनेडिक्ट आर्नल्ड, जो पुढे फितूर म्हणून बदनाम झाला तोच, स्किन्सबरोला ओल्या लाकडाच्या सपाट तळाच्या बोटी घाईघाईने बनवून घेत होता. ११ ऑक्टोबरला व्हॅल्कूर बेटापाशी गाठ पडली आणि पुढच्या दोन दिवसांत आर्नल्डच्या बहुतेक बोटी गेल्या. सपशेल हार. पण ब्रिटिशांचा अख्खा उन्हाळा जहाजं जोडण्यात गेला होता, थंडी तोंडावर आली, ते परत कॅनडात गेले, आणि पुढच्या वर्षी पुन्हा आले तेव्हा साराटोगाला शरण जायची वेळ आली. म्हणजे आर्नल्डच्या बोटींनी लढाईत जे केलं त्यापेक्षा जास्त काम त्या नुसत्या बांधल्या जाण्यानेच केलं, कारण त्या होत्या म्हणून ब्रिटिशांना मोठं जहाज हवंसं वाटलं.

ब्रिटन आणि अमेरिकेच्या १८१२ ते १८१४ च्या युद्धात तर हा प्रकार डोक्याबाहेर गेला. ईरी सरोवरावर अमेरिकन कमांडर पेरीच्या दोन ब्रिग, म्हणजे दोन डोलकाठ्यांची जहाजं, प्रेस्क आइलच्या खाडीत तयार झाल्या पण खाडीच्या तोंडावर वाळूचा बांध, पाणी कमी, जहाज बाहेरच पडेना. तर तोफा उतरवल्या, जहाजाच्या दोन्ही बाजूंना पाण्याने भरलेले मोठे लाकडी डबे बांधले, पाणी उपसलं, डब्यांनी जहाज वर उचललं आणि ओढत ओढत वाळूवरून पार केलं. त्या वेळी ब्रिटिश पहाऱ्याला असते तर खेळ तिथेच संपला असता, ते नेमके दूर गेले होते. पलीकडे ब्रिटिश कमांडर बार्कलेच्या डेट्रॉइट जहाजाला तोफाच आल्या नाहीत म्हणून जवळच्या किल्ल्यावरच्या जमतील त्या आणून बसवल्या, आणि बत्त्या धड नव्हत्या म्हणून १० सप्टेंबर १८१३ च्या लढाईत तोफेच्या कानावर, म्हणजे बत्ती लावायच्या भोकावर, पिस्तूल झाडून तोफ उडवायची वेळ आली. निकाल काय लागायचा तो लागला, ब्रिटिशांचा अख्खा ताफा शरण गेला. पेरीच्या बहादुरीबद्दल सगळे लिहितात, ते खरंच आहे, त्याचं पहिलं जहाज चाळण झाल्यावर तो छोट्या होडीतून दुसऱ्यावर गेला. पण माझ्या मते लढाई जिंकली ती त्या लाकडी डब्यांनी.

ऑन्टॅरिओ सरोवरावर दोघांनी इतकी जहाजं बांधली की शेवटी ब्रिटिशांनी किंग्स्टनला ११२ तोफांचं सेंट लॉरेन्स उतरवलं, नेल्सनच्या व्हिक्टरीपेक्षा जास्त तोफा, गोड्या पाण्यावर! पिण्याचं पाणी खालीच असल्याने पिंपं साठवायला खोल पोट लागत नाही, त्यामुळे ही जहाजं समुद्री जहाजांपेक्षा उथळ बांधता येत. सेंट लॉरेन्सने एकही लढाई केली नाही कारण ते आल्यावर समोरचा बंदरातून बाहेरच आला नाही, आणि १८३२ मध्ये ते २५ पौंडांना विकलं. लोक याला उधळपट्टी म्हणतात. मी म्हणत नाही, समोरच्याला बंदरात बसवून ठेवणं हेच त्याचं काम होतं.

आता टांगानिका. इथे जरा थांबून सांगतो कारण माझा जीव यात अडकलाय.

सरोवर जवळजवळ ६७० किलोमीटर लांब, सरासरी ५० किलोमीटर रुंद, चिंचोळं आणि प्रचंड खोल. पूर्वेला जर्मन पूर्व आफ्रिका, पश्चिमेला बेल्जियन काँगो, दक्षिणेला ब्रिटिशांचा ऱ्होडेशिया. रस्ते नाहीतच, त्यामुळे सैन्य, धान्य, दारूगोळा काहीही हलवायचं तर पाण्यावरून, आणि पाण्यावर ज्याचं जहाज त्याचा मुलूख. ऑगस्ट १९१४ मध्ये जर्मनांनी हेडविग फॉन विसमान नावाची छोटी स्टीमर पाठवून बेल्जियनांची अलेक्झांडर डेल्कोम्यून नावाची बोट निकामी केली, मग ब्रिटिश कंपनीच्या दोन जुन्या स्टीमर काठावरच संपवल्या, आणि सरोवर त्यांचं झालं. हेडविग म्हणजे काही मोठं प्रकरण नव्हतं, पन्नास-साठ टनांचं. पण समोर शून्य असेल तर पन्नास टनही आरमारच.

जर्मनांची खरी ताकद रेल्वे. दार-ए-सलामहून किगोमापर्यंत सुमारे १२५० किलोमीटरची लाइन फेब्रुवारी १९१४ मध्ये, युद्धाच्या जेमतेम सहा महिने आधी, पूर्ण झाली होती. त्याच लाइनवरून ग्राफ फॉन ग्योट्झन आलं. पापेनबुर्गच्या मायर गोदीत १९१३ मध्ये बांधलेलं, ७१ मीटर लांब, खोलून ५ हजार पेट्यांत भरलेलं, सोबत गोदीची तीन माणसं, त्यात मुख्य आंटोन र्‍यूटर. किगोमाला स्लिपवेवर ते रिव्हेट करून ५ फेब्रुवारी १९१५ ला पाण्यात सोडलं. जहाज खोलून परत जोडणं म्हणजे काय हे ज्याने केलंय त्यालाच कळेल, एका पत्र्याची भोकं दोन मिलिमीटरने चुकली तर पुढच्या दहा पत्र्यांची रांग चुकते, आणि किगोमात बसून पापेनबुर्गला नवीन पत्रा पाठवा म्हणून सांगायची सोय नाही कारण मध्ये ब्रिटिश नौदल उभं आहे. जुलै १९१५ मध्ये रुफिजी नदीच्या मुखात अडकलेली जर्मन युद्धनौका क्योनिग्सबर्ग संपली, तिच्या १०५ मिलिमीटरच्या तोफा जर्मनांनी चिखलातून काढल्या, त्यातली एक ग्योट्झनवर चढवली.

बेल्जियनांकडेही जहाजाचे भाग पडून होते बरं का, बॅरन धानिस नावाचं मोठं जहाज, पेट्यांमध्ये. पण जोडणार कुठे? काठावर सांगाडा उभा केला की जर्मन येऊन तोफा मारून जाणार. म्हणून म्हणतो, जहाज असून उपयोग नाही, ते जोडायला सुरक्षित काठ पाहिजे.

इथे जॉन ली नावाचा शिकारी एप्रिल १९१५ मध्ये लंडनला अ‍ॅडमिरल्टीत, म्हणजे ब्रिटिश नौदलाच्या मुख्य कचेरीत, गेला आणि म्हणाला मोठं जहाज नेऊच नका, दोन वेगवान मोटरबोटी अख्ख्याच्या अख्ख्या न्या. खोलायच्या नाहीत, जोडायच्या नाहीत, पोचल्या की पाण्यात. इंजिनियर म्हणून मला ही आयडिया कमालीची आवडते. थॉर्निक्रॉफ्टने बांधलेल्या ४० फुटी लाकडी बोटी, पेट्रोल इंजिन, पुढे तीन पौंडी तोफ, मागे मशीनगन. बोट इतकी हलकी की तोफ फक्त सरळ पुढे उडवायची, बाजूला उडवली तर धक्क्याने बोटीचेच सांधे सुटायचे. प्रमुख केलं स्पायसर-सिमसन नावाच्या अधिकाऱ्याला, ज्याचं करिअर तोपर्यंत रखडलेलंच होतं. त्याने बोटींची नावं सुचवली कॅट आणि डॉग, ती नाकारली म्हणून मग मिमी आणि टूटू. माणूस विक्षिप्त होता, अंगभर गोंदलेलं, स्कर्ट घालून फिरायचा, आणि लिहिणारे त्या स्कर्टवरच अर्धं पुस्तक खर्ची घालतात.

जून १९१५ मध्ये बोटी इंग्लंडहून निघाल्या, जुलैत केपटाउन, तिथून रेल्वेने उत्तरेला काँगोतल्या फुंगुरुमेपर्यंत. तिथे रूळ संपले. पुढे मितुम्बा डोंगर, जवळजवळ ६ हजार फुटांवर चढायचं आणि उतरायचं, एकूण साधारण २३५ किलोमीटर, म्हणजे पुणे ते कोल्हापूर धरा पण रस्ता नाही, पूल नाहीत, मध्ये जंगल. आधी रस्ता तोडला, दीडशेच्या आसपास पूल बांधले, बोटी गाड्यांवर बसवल्या आणि पुढे दोन वाफेचे ट्रॅक्शन इंजिन. इंजिन चढावर कमी पडलं की बैल, बैल कमी पडले की कप्पी आणि दोरखंड. आणि वाफेच्या इंजिनाला पाणी लागतं, कोरड्या मोसमात ते कुठून आणणार, तर आसपासच्या गावांतल्या बायकांनी डोक्यावरून मैलोन् मैल वाहून आणलं. बॉयलरला पाणी कमी पडलं की काय होतं हे मला माहीत आहे त्यामुळे मी म्हणेन की या मोहिमेतली सगळ्यात महत्त्वाची माणसं त्या बायकाच, आणि त्यांच्यातल्या एकीचंही नाव कुठे नाही.

सप्टेंबरअखेर सान्किसियाला छोटी रेल्वे लागली, मग लुआलाबा नदी. नदीला पाणी कमी, बोटी सारख्या वाळूवर बसायच्या, म्हणून खाली रिकामी पिंपं बांधून उचलल्या. ईरीचीच युक्ती, शंभर वर्षांनी. मग परत रेल्वे, आणि ऑक्टोबरअखेर लुकुगा, म्हणजे आजचं कालेमी. तिथे बंदरच नव्हतं, दगड टाकून बांध घालावा लागला, त्यात दोन महिने गेले. २२-२३ डिसेंबरला बोटी पाण्यात.

आता लढाई, आणि ती लवकर संपते. २६ डिसेंबरला सकाळी किंगानी नावाची जर्मन स्टीमर पाहणीला आली, जर्मनांना काळजी होती की बेल्जियन काठावर काहीतरी जोडतायत. किंगानीची तोफ पुढेच मारा करू शकत होती, आणि मिमी-टूटू तिच्या दुप्पट वेगाने मागून आल्या. ११ मिनिटं. कॅप्टन मेला, बोट पकडली गेली. तिचं नाव फिफी ठेवलं आणि तिच्यावर १२ पौंडी तोफ बसवली. बघा, बाहेरून नवीन जहाज येणं अशक्य, तेव्हा शत्रूचं जहाज पकडणं म्हणजे दुहेरी फायदा, त्याचं एक कमी आणि आपलं एक जास्त.

९ फेब्रुवारी १९१६ ला हेडविग आली. ती किंगानी कुठे गेली ते शोधत होती, कारण जर्मनांना दीड महिना पत्ताच नव्हता नेमकं काय झालं! फिफी आणि मिमी मागे लागल्या. फिफीची तोफ तिच्या मानाने एवढी मोठी की प्रत्येक गोळ्याच्या धक्क्याने बोटीचा वेग मरायचा, आणि हेडविग पुढे सटकायची. मिमीने मध्ये घुसून हेडविगला वळायला लावलं. मग फिफीकडे मोजके गोळे उरले आणि त्यातला एक तोफेतच अडकला, वीस मिनिटं सगळे श्वास धरून, फुटला तर आपलीच बोट. तो काढून पुढचा टाकला आणि तो थेट हेडविगच्या इंजिनरूमच्या बाजूला लागला. बुडाली. दुसऱ्या दिवशी ग्योट्झन शोधत आलं, प्रचंड मोठं, आणि स्पायसर-सिमसनने लढायला नकार दिला.

यावर त्याला भित्रा म्हणतात. मला नाही पटत, निदान त्या दिवसापुरतं तरी. लाकडी चाळीस फुटी बोटीत पेट्रोलवर बसून १०५ च्या तोफेसमोर जायचं? मी नसतो गेलो. पुढे जूनमध्ये बिस्मार्कबुर्ग या सरोवराकाठच्या जर्मन ठाण्यापाशी त्याने किल्ल्याच्या तोफांना घाबरून वाट पाहिली आणि जर्मन रात्रीतून होड्यांमधून निसटले, तोफा लाकडाच्या निघाल्या, तिथे मात्र बोलणी खाल्ली ती बरोबर खाल्ली.

ग्योट्झनची गंमत अशी की तिचीही मोठी तोफ पुढे जमिनीवरच्या लढाईसाठी काढून नेली आणि जागी खोटी बसवली. जून १९१६ मध्ये बेल्जियनांनी सीप्लेन आणून किगोमावर बाँब टाकले, जमिनीवरून फौज आली, रेल्वे हातची जायला लागली. रेल्वे गेली की जहाजाला बंदर नाही. मग २६ जुलैला तिथला जर्मन कमांडर झिमर याने ते मालागारासी नदीच्या मुखाजवळ बुडवायला सांगितलं. र्‍यूटर आणि मंडळींनी बुडवण्याआधी इंजिनांना सगळीकडे जाड ग्रीस फासलं आणि मग वाळू भरून ते हळूच खाली बसवलं. म्हणजे परत यायचंय असा हिशोब. ते परत आले नाहीत पण ग्रीस कामाला आलं. ब्रिटिशांनी १९२४ मध्ये जहाज वर काढलं, इंजिन आणि बॉयलर वापरण्यालायक निघाले, आणि १९२७ मध्ये लिएम्बा नावाने ते प्रवासी सेवेत लागलं. वाफेची इंजिनं तिने १९७० च्या दशकापर्यंत ओढली, मग डिझेल आलं. तिथल्या दोन-तीन पिढ्यांनी तिच्यावरून बाजारहाट केला. मला विचाराल तर या युद्धातलं सगळ्यात चांगलं काम ग्रीसच्या डब्याने केलं.

मग परिणाम झाला का? झाला, पण दोन बोटींनी महायुद्ध फिरवलं वगैरे नाही. सरोवर मोकळं झालं म्हणून बेल्जियनांना पूर्वेकडे सरकताना पाठीची चिंता उरली नाही. त्यापलीकडे जर्मनांचा सेनापती लेटो-फोरबेक १९१८ पर्यंत लढतच राहिला, त्याला सरोवराची गरजच उरली नव्हती.

आफ्रिकेतल्याच न्यासा (आजचं मलावी) सरोवराचं दोन ओळीत सांगतो. ऑगस्ट १९१४ मध्ये ब्रिटिश कॅप्टन ऱ्होड्सने ग्वेंडोलेनवरून स्फिंक्सहाफनला दुरुस्तीसाठी काठावर ओढलेल्या जर्मन हेरमान फॉन विसमानवर गोळे टाकले. जर्मन कॅप्टन बेर्ंट त्याचा दारूचा दोस्त, त्याला युद्ध सुरू झालंय हेच माहीत नव्हतं, तो छोटी होडी वल्हवत संतापून आला की दारू चढलीय का तुला, आणि कैद झाला. लंडनच्या पेपरात मात्र न्यासावर नौदलाचा विजय म्हणून छापून आलं. जहाज स्लिपवेवर असतानाच संपवलं, माझा मुद्दा हाच.

भारताचा संबंध व्हिक्टोरिया सरोवराशी आहे. तिथे मोठी लढाई झालीच नाही, आणि का नाही याचं उत्तर रेल्वेत आहे. मोंबासाहून किसुमूपर्यंतची युगांडा रेल्वे १८९६ ते १९०१ मध्ये बांधली ती सुमारे ३२ हजार भारतीय मजुरांनी, बहुतेक पंजाबचे, त्यातले जवळपास अडीच हजार तिथेच मेले. त्या लाइनवरून विनिफ्रेड, सिबिल अशा स्टीमर पेट्यांमधून आल्या आणि किसुमूला जोडल्या गेल्या. १९१४ मध्ये ब्रिटिशांकडे तिथे अख्खा ताफा आणि जर्मनांकडे लढण्याजोगा मुआन्झा नावाचा एक टग, त्याने सुरुवातीला विनिफ्रेडला पळवून लावलं खरं, पण तेवढंच. मुंबईहून ऑक्टोबर १९१४ मध्ये निघालेली भारतीय फौज जर्मन पूर्व आफ्रिकेतल्या टांगाच्या किनाऱ्यावर सपाटून हरली होती, पण व्हिक्टोरियावर जून १९१५ मध्ये किसुमूहून स्टीमर भरभरून सैन्य गेलं, त्यात भारतीय डोंगरी तोफखानाही होता, आणि सरोवराकाठचं जर्मन ठाणं बुकोबा घेऊन तिथला वायरलेस टॉवर पाडून दोन दिवसांत परत आलं. वाटेत अडवायला जर्मनांचं एकही जहाज आलं नाही.